फरशीखालचं चाक

चिमणाबाईच्या गोठ्यात फरशीखाली चोरनळ आहे आणि त्याच नळाचं पाणी ती दुधात घालते, असं अख्खी गल्ली छातीठोक सांगायची. सांगणारे रोज सकाळी तिच्याच दारात तांब्या घेऊन उभे असायचे, ती गोष्ट वेगळी. खरं म्हणजे तिची म्हैस दारातच, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत पिळली जायची आणि धार थेट त्याच्याच तांब्यात पडायची. पाणी घालायला जागा होती कुठं? फरशीचं मात्र खरं होतं. फरशीवर पेंडीचं पोतं आणि दुपारच्याला पोत्यावर खुद्द चिमणाबाई.

फरशीखाली होता नळाचा मेन कॉक, घरचं सगळं पाणी बंद करायचं चाक. एका उन्हाळ्यात घरचं पाणी अचानक गेलं, तेव्हा कुणीतरी गोठ्यात शिरून मुद्दाम कॉक बंद केला, असं तिनं ठरवून टाकलं. कुणी, ते कळेना, म्हणून सगळ्यांवरच संशय घेणं तिला सोयीचं पडलं. त्या दिवशी साऱ्या पेठेचंच पाणी गेलं होतं, असं कुणी म्हटलं की ती म्हणायची, "व्हय की! समद्यांनी मिळून केलतं."

नवरा गेल्यावर दिरांनी गोड बोलून तिचं रान आपल्या नावावर करून घेतलं होतं. तेव्हापासून गोड बोलणारं माणूस दिसलं की चिमणाबाईचा हात आपोआप कनवटीला जायचा. आणि गल्लीत सगळ्यांत गोड बोलायच्या त्या शेजारच्या कालिंदीवहिनी. नवरा कचेरीत, स्वतः घरी झंपर शिवायच्या, आणि जिभेवर साखर. मागच्या खेपेला भिंतीवरून डोकावून त्या नव्या रेडकाला म्हणाल्या, "अगंबाई, कित्ती गोंडस!" तिसऱ्या दिवशी रेडकू मेलं. झालं! चिमणाबाईनं भिंतीवर वाळल्या शेणींची रास रचली, पार वहिनींच्या डोक्याच्या वर.

चौऱ्याहत्तर सालच्या हिवाळ्यात तिची चंद्री व्यायला आली. दुसरी म्हैस आटलेली, सगळी मदार हिच्यावर. त्या सकाळी चंद्रीला कळा सुरू झाल्या. कळ आली तशी तिनं अंग फिरवलं, गोठ्यातल्या नळाला धडक बसली आणि नळ बुडातनं तुटला. पाण्याचा फवारा सुटला. मुरमाच्या जमिनीचा चिखल व्हायला लागला, चंद्रीचे पाय सरकायला लागले. व्यायच्या वेळी म्हैस पाय फाकून पडली तर पुन्हा उठायची नाही, हे चिमणाबाईला पुरतं ठाऊक होतं. बाहेर गल्लीत न्यावी? एवढ्या नजरांपुढं? छे! त्यात नळाला पाणी दुपारपर्यंत येत राहणार होतं.

तिनं पोतं ओढलं, फरशी उचलली, खड्ड्यात हात घातला. एवढी वर्षं हात न लागलेलं चाक ढिम्म हलेना.

"कुणीतरी घट्ट करून गेलंय," ती चंद्रीला म्हणाली. मग दार बोटभर उघडून ओरडली, "ए गुंड्या! ये आत. पर म्हशीकडं बघू नगंस!"

तालमीतला गुंडू डोळे मिटून आत आला आणि खांबावर आपटला.

"मावशी, डोळं मिटल्यावर चाक कसं दिसायचं?"

"हातानं बघ."

खड्डा अरुंद, गुंडूचा पंजा आत जाईना. मग त्यानं चिमणाबाईनं दिलेला लोखंडी पान्हा चाकात अडकवून एकच हिसका दिला. चाक हललं नाही, दांडी मात्र करकरली.

"मोडतूस व्हय रं? कुणी धाडलं तुला मोडाय? नाव सांग त्येचं!"

"तूच की गं हाक मारलीस!"

"चल हो भाईर!"

तेवढ्यात शेणींच्या पलीकडनं आवाज आला, "चिमणाबाई, जोर नका हो लावू."

"तू का बगाय लागलीस?"

"बघत नाही, ऐकतेय. माझ्या मशीनचं चाकही असंच धरतं. मी येऊ का?"

चिमणाबाईनं पुन्हा चाकाला हात घातला. चंद्रीचा मागचा पाय घसरला, तिनं कसाबसा सावरला आणि लांब हंबरडा फोडला.

"ये," चिमणाबाई म्हणाली. "पर पदर वढ तोंडावर."

वहिनी नाकापर्यंत पदर ओढून, हातात तेलाची छोटी कुपी घेऊन आल्या.

"कसलं त्याल?"

"शिलाई मशीनचं."

"आदी तुज्या हाताला लाव."

वहिनींनी लावलं.

"आता वास घे."

वहिनींनी वासही घेतला. मग दांडीच्या बुडाशी तेल सोडलं, थोडं मुरू दिलं, पान्ह्यानं हलकेच ठोकलं आणि चाकावर आपला लहानसा हात ठेवला. "आता जरासं बंद करते, परत जरासं उघडते."

"बंद करतीस आन परत उघडतीस? कुणाच्या बाजूची हाईस गं तू?"

"अहो, थोडं थोडं मागंपुढं केल्याशिवाय सुटत नाही ते!"

चिमणाबाईनं वहिनींचं मनगट धरून ठेवलं. चाक उघडायच्या बाजूला गेलं की मनगटावरची पकड घट्ट व्हायची. असं करत करत चाक सैल पडलं, फवारा बसका झाला, त्याची धार झाली आणि धारही थांबली. वहिनींनी श्वास सोडेपर्यंत चिमणाबाईनं त्यांना दाराबाहेर काढलं होतं. चिखलावर राख टाकली, वर पाचट पसरलं. चंद्री पाय रोवून उभी राहिली, मग सावकाश बसली, आणि तिला रेडी झाली. काळीभोर, धडधाकट.

आता तरी म्हातारीचा संशय फिटला, असं गल्ली म्हणाली. गल्लीतच राहणाऱ्या, या ओळी लिहिणाऱ्याला मात्र तसं वाटलं नाही. तो दारात जाऊन म्हणाला, "मावशी, तुमी काय वहिनींना रेडकू दावत न्हाई."

"दावतो की."

"लावा पैज!"

"हरलास तर आठवडाभर शेण काडायचं."

संध्याकाळी तिनं वहिनींना खरंच बोलावलं. रेडीच्या कपाळाला काजळी, गळ्यात काळा दोरा, अंगावर पोतं. चिमणाबाईनं पोतं उचललं.

"बगितलंस?"

"हो! कित्ती—"

"बास! बोलू नगंस." पोतं खाली.

तर पैज गेली. आठवडाभर शेण काढावं लागलं. शेणाची पाटी दाराबाहेर जाताना चिमणाबाई रोज वाकून तिच्यात बघायची.