प्रार्थना मधेच थांबवणारे साहेब

आमच्या शब्बाथ शाळेतली, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेतली, पोरं आता पंचेचाळिशीला टेकली. कोणी मास्तर, कोणी एसटीत, मी लोहाऱ्याच्या एमआयडीसीत इलेक्ट्रिशियन. चार जण भेटलो की कोणीतरी म्हणतंच, "साहेबांची ती गोष्ट ऐकली का?" मग चहा थंड होतो. साहेब म्हणजे आमच्या लहानपणचे पाळक. यवतमाळच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये त्यांनी उभं आयुष्य काढलं. त्यांचे किस्से इतके साचलेत की खरे कोणते आणि वाढवलेले कोणते, ते आता कळत नाही. हे मात्र माझ्यासमोरचे आहेत.

आत्ताच का सांगतोय? माझ्या मुलीचं, स्नेहलचं, दृढीकरण ठरलं. म्हणजे पोरांनी मोठं होऊन आपल्या तोंडानं विश्वास कबूल करायचा. त्यात आधी आईबापांना मंडळीसमोर उभं करून विचारतात, "तुम्ही स्वतः या विश्वासात आहात का?" उत्तर छापलेलं असतं, "होय, देवाच्या साहाय्यानं." बस, एवढंच वाचायचं. पण ते होय माझ्या तोंडातून निघेल का, हे मलाच माहीत नव्हतं. महिनाभर ना जेवणात लक्ष, ना ड्युटीत. आणि याला जबाबदार साहेब.

*

मी नऊ वर्षांचा असेन. शब्बाथ शाळेत प्रार्थनेची माझी पाळी आली. मोठ्या माणसांचं ऐकून ऐकून मी सुरू केलं, "हे परमदयाळू स्वर्गीय पित्या, आम्ही पापी लेकरं तुझ्या चरणी..."

"थांब," साहेब म्हणाले. "सकाळी काय खाल्लं?"

"शिळी पोळी."

"आवडली?"

"नाही, साहेब."

"मंग ते सांग न त्याले."

मी डोळे मिटून देवाला सांगितलं की शिळी पोळी मला आवडत नाही. साहेब म्हणाले, "आमेन. आता बस."

ही बातमी माझ्याआधी घरी पोचली. आईनं मला झोडपलं. पण दुसऱ्या दिवशी ताजी पोळी मिळाली, हेही खरं!

*

साहेब सायकलनं घरोघर फिरायचे. पाळक घरी आले की सतरंजी टाकायची, बायबलमधलं वचन वाचायचं, प्रार्थना करायची आणि मगच चहा, असा आमच्याकडचा रिवाज. एकदा आमच्याच शब्बाथ शाळेतल्या विनोदच्या घरी त्याच्या वडिलांनी प्रार्थना धरली. ते जिल्ह्यासाठी मागून राह्यले, देशासाठी मागून राह्यले, मग जगावर गेले. आदल्या दिवशी दारू पिऊन बायकोवर हात उचलला होता, ते सोडून सगळं आलं. गल्लीला माहीत होतं, साहेबांनाही माहीत होतं.

साहेबांनी डोळे उघडले आणि ते शांतपणे म्हणाले, "दादा, तुमचं भाषण झालं की सांगा. मंग आपण प्रार्थना करू."

त्या दिवशी चहा झाला नाही. विनोदचे वडील बराच वेळ रडत होते.

*

मंडळीतल्या मालूमावशीनं एकदा चर्चमध्ये उभं राहून साक्ष दिली, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सांगितला, "मी सगळ्यायले क्षमा केली."

साहेबांनी विचारलं, "जाऊबाईले बी?"

"हो, साहेब."

"त्या मागच्या बाकावर हायेत. जा, त्यायच्यापाशी बसा."

मावशी गेली. त्या बाकावर गीतांचं पुस्तक एकच. एकीनं उजवीकडे ओढलं की दुसरी डावीकडे ओढायची. अख्खी उपासना दोघी अशाच गायल्या.

*

असल्या माणसाच्या हाताखाली वाढलं की पुढं नोकरीत हाल होतात. आमच्या फॅक्टरीत मॅनेजरनं मीटिंगमध्ये विचारलं, "सगळी पॅनल चेक केली?" सगळे म्हणाले, "यस सर." मी म्हटलं, "दोन राहिली."

बाहेर आल्यावर फोरमन मला म्हणाला, "काहून रे, तुले साधं खोटं बोलता येत नाही?"

म्हटलं, "येत होतं. लहानपणी मोडलं."

*

बाबा आजारी पडले तेव्हा मी नागपूरच्या दवाखान्याच्या जिन्यात गुडघ्यांवर बसून मागितलं होतं. अगदी खरं मागितलं होतं. बाबा गेले. मातीला आलेला जो तो म्हणत होता, देवाची इच्छा. साहेब तोवर निवृत्त होऊन राजूरला खाणीत नोकरीला असलेल्या मुलाकडे राहत होते. एसटीनं आले, माझ्याशेजारी बसले. मला वाटलं, हेही तेच म्हणणार.

ते म्हणाले, "मले बी त्याचा राग आला आहे."

तेव्हापासून चर्चमध्ये मला एका जागी बसवत नाही. मी दारापाशी उभा राहतो. एखाद्या रविवारी आतून काही हलतं, पुढचे चार रविवार काहीच नाही. सोडूनही देता येत नाही आणि धरूनही राहता येत नाही. जीव नुसता वर-खाली होतो.

*

तर दृढीकरण. आदल्या दिवशी बायको म्हणाली, "तेवढं होय म्हणून टाका न. पोरीचा दिवस आहे." स्नेहल तिथंच होती. ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही खोटं बोलले तर मला कळते हं."

झालं. आता कोणीकडून सुटायचं?

रविवारी साहेब मुद्दाम राजूरहून आले. पुढच्या खुर्चीत बसले. आता त्यांना कमी ऐकू येतं. नवे पाळक तरुण आहेत. त्यांनी आम्हा दोघांना उभं केलं आणि विचारलं, "तुम्ही स्वतः या विश्वासात आहात का?"

बायको म्हणाली, "होय, देवाच्या साहाय्यानं."

मी कागदाकडे पाहिलं. म्हटलं, "कधी कधी."

बायकोनं डोळे मिटले. नव्या पाळकांनी पुस्तकाचं पान उलटलं, परत मागं उलटलं. तिथं या उत्तरासाठी काही छापलेलं नव्हतं.

साहेबांनी कानामागं हात धरून मोठ्यानं विचारलं, "काय म्हणाला तो?"

स्नेहल त्यांच्याजवळ गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "पप्पा म्हणाले, कधी कधी."

"बरं," साहेब म्हणाले. "लिहून घ्या. आता पुढच्याले विचारा. पण कागद बाजूले ठेवून."

पुढं, आपल्या मुलाच्या दृढीकरणासाठी, प्रभाकरभाऊ उभे होते. मंडळीचे सेक्रेटरी. सगळ्यात लांब प्रार्थना त्यांचीच असते. त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. मग पुन्हा बाहेर काढली.