दुल्हाभाईंची पहिली बोटी

जबल शम्सच्या शिखराखाली एक कुरण आहे, पाऊस पडून गेला की हिरवंगार होतं. ओमानात हिरवळ म्हणजे काय चीज! सगळ्यांना तिथे न्यायचा हट्ट माझाच. अम्मी रत्नागिरीहून व्हिजिट व्हिसावर आलेली. माझी आपा, तिची पाच वर्षांची लेक आणि तिचा नवरा, म्हणजे आमचे दुल्हाभाई, सोहारहून आलेले. वरचा रस्ता कच्चा, फोर-व्हील लागते, आणि ती माझ्याकडे होती. बाई गाडी चालवणार म्हणून दुल्हाभाई अल् खुवैरच्या माझ्या घरापासूनच तोंड फुगवून बसले. बसले मात्र पुढच्या सीटवर, ती त्यांचीच. आपा मागे, बाह्या मनगटापर्यंत ओढून. त्या बाह्यांखाली काय असायचं ते मला माहीत होतं. अम्मीलाही होतं, पण ती म्हणायची, "होईल गं सगळं नीट."

कुरणात घोट्याएवढं गवत, थंड वारा, वर उघडाबोडका कडा. एका बाजूला एका ओमानी कुटुंबाचा तंबू. आम्ही शेगडी पेटवली, मटणाच्या बोट्या शिगांवर चढवल्या.

आमच्यात पहिली बोटी जावयाची. घरी असो, डोंगरावर असो. पण पोरगी भुकेने रडकुंडीला आलेली, म्हणून आपाने पहिली बोटी फुंकून तिला भरवली. एवढंच!

त्याने (इथून पुढे अहो-जाहो नाही करणार मी) आपाचे केस धरले, तिला खाली ओढलं आणि तिचा उजवा हात शेगडीच्या जाळीवर दाबला. "कळलं आता, पहिलं कोणाला द्यायचं?"

आपा ओरडली तशी मी त्याच्या अंगावर धावले. त्याने मला ढकललं, माझं डोकं दगडावर आपटलं. उठते तर काय, अम्मी! जी अम्मी त्याला खजूरसुद्धा बी काढून द्यायची, तिने तापलेली शीग दोन्ही हातांनी धरली होती आणि त्याच्या पाठीवर हाणत होती. "माझ्या पोरीला? माझ्या पोरीला?" मला थांबवावंसं वाटलं नाही. खरं सांगते, जिवाला गार वाटलं. तंबूतले लोक धावत आले, त्यांनीच त्याला बाजूला ओढलं.

मी सामान तसंच टाकलं, पोरीला उचललं, गाडी सुरू केली. अम्मी मागे बसली. आपा हाताला ओला टॉवेल गुंडाळून दाराशी उभी होती. तो पाठ धरून आला.

"जा, बस. तुझा व्हिसा माझ्या नावावर आहे, उद्याच्या उद्या कॅन्सल करतो. खलास! पोरगी इथेच राहील."

आपा कधीच त्याच्यापुढे बोलली नव्हती. थांबते की काय ही! ती पुढच्या सीटवर चढली.

"कर कॅन्सल," ती म्हणाली. "पोरगी माझ्याबरोबर येतेय."

डाव्या हाताने तिने दार ओढून घेतलं आणि माझ्यावर खेकसली, "बघत काय बसलीस? चालव!"