सरळ करणे

मला लिहिता येतं असं मुळीच नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, तेव्हा चुकलं तर माफ करा. पण राग आत मावत नाही, म्हणून लिहितो.

मी ज्यांच्याकडे भाड्याने राहतो त्या काकूंचा मोत्या दुसरं कुत्रं दिसलं की भुंकत अंगावर धावून जायचा. काकूंनी ट्रेनर बोलावला. "आठ दिवसांत सरळ करतो," तो म्हणाला. त्याने मोत्याच्या गळ्यात आतून टोचणारा काट्यांचा पट्टा घातला. भुंकला की हिसका. आठव्या दिवशी मोत्या गप्प झाला. शेजारी म्हणाले, "शहाणा झाला हो!" पायांत घातलेलं शेपूट कुणालाच दिसलं नाही.

मला माझी शाळा आठवली. बाबांनी हात जोडून सांगितलं होतं, "गुरुजी, पोराला सरळ करा." गुरुजींनी छडीने केलं. मीही शहाणा ठरलो. आजही वर्गात शंका विचारायला माझा हात वर जात नाही.

आयुष्यात पहिल्यांदा मी मोठ्या माणसाला म्हटलं, "काकू, हा माणूस नको." खूप शोधल्यावर कुत्र्यांना शिकवणाऱ्या एक ताई सापडल्या. त्यांनी आधी विचारलं, "हा कशाला घाबरतो?" इतका साधा प्रश्न! मग त्या रोज येऊन मोत्याकडे पाठ करून नुसत्या बसायच्या.

सुट्टीला मी गावी आलो. काल काकूंचा फोन आला. "अरे, मोत्या आज भुंकला! ताई म्हणाल्या, भीती जरा सुटली, आता शिकवता येईल."