खांबावरच्या तीन डब्यायनं मले ओळखलं नाई

"फिर से चल."

सातव्यांदा चालली मी. गार्डानं काठीनं जमिनीवर रेघ ओढलती, तिच्यावरूनच चालायचं. हाजरीले आलेली सारी मान्सं दोन्हीकून पाहून राह्यलती. कोनी खिदळे. साहेब दूर काचेच्या केबिनीत टीव्हीसारख्या डब्याकडे पाहे. माह्याकडे नाई.

"नहीं पहचान रहा, सर," गार्ड वरडला.

"औरत को बोलो, ठीक से चले."

ठीक से! बारा वर्सं मी त्या खदानीत मँगनीजचे दगड वाह्यले. तिरोडीकडची खाजगी खदान होती. नवरा दमा होऊन खाटेवर, कमावनारी मी एकटी.

आधी बोटाची मशीन आनलती. दगडानं आमच्या बोटाच्या रेघाच घासून गेलत्या, ते चालली नाई. मंग गेटवर खांब गाडला, त्यावर तीन डब्बे. एक तोंड पाहे, एक चाल पाहे, एक अंगाची गरमी. थांबायचं नाई, हात लावायचा नाई, चाळीस पावलांवरून मानूस ओळखते म्हने. मशीन नवीन होती, आमच्यावरच परखून राह्यलते. ओळखलं तं हिरवी बत्ती. लाल लागली तं घरी. लागोपाठ तीन दिवस लाल, तं नाव कट. माहा तो तिसरा दिवस होता.

आमाले दुरून ओळखनं काही नवं नोतं, बाप्पा. गावची पाटलीन बांधावरूनच ओळखे, हे कोन्या टोल्यावरची, कोन्या जातीची, अन् आपली घागर बाजूले सरकवे. तिले कोन्ती मशीन लागत होती?

मंग मले काहून ओळखत नाई? चालता चालता गर्दीत माहा भासरा दिसला, नवऱ्याचा मोठा भाऊ. तो बी तिथंच कामाले, पन दुसऱ्या खड्ड्यावर. अन् डोक्यात उजेड पडला. मशीननं आमाले पहिल्यांदा पाह्यलं, त्या दिवशी लाइनीत माह्या मांगं हाच उभा होता. भासऱ्यासमोर आमच्यात सून तोंड दाखवत नाई. मी पदर नाकापर्यंत ओढलता, मान खाली, पाय घासत गेलती. मशीननं तेच धरून ठेवलं. अन् कामावर? डोक्यावर ओझं वाह्याची आदत, मान ताठ, पाऊल लांब. मशीनसाठी ते बाई दुसरीच.

मी केबिनीपाशी जाऊन सांगतलं. म्हनलं, साहेब, पुन्हा घ्या माहा फोटो.

साहेब हासला. "दोबारा नहीं होता. तो वैसे ही चलो ना. घूँघट डालो, सिर झुकाओ."

गार्डानं काठीच्या टोकानं माहा पदर उचलला अन् तोंडावर टाकला. साऱ्यायच्या समोर. भासऱ्यानं मान फिरवली. मले वाटलं जमीन फाटावी. पन घरी खाटेवरचा खोकला आठवला.

चालली मी. वाकून, पाय घासत.

हिरवी बत्ती लागली. मान्सायनं टाळ्या वाजवल्या.

त्या दिवशी मी दगड वाह्यले, पन भाकर गिळली नाई. माहीच चीड येत होती मले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर पदर कमरेले खोचला. डोकं उघडं. भासरा समोरच. तो माह्यासंगं सरळ बोलत नाई, हवेले बोलला, "कोनी सांगा तिले, वाक म्हना जराशी. पोटाचा सवाल हाये."

मी ताठ चालली. लाल बत्ती.

"फिर से चल. कल जैसा."

"नाई."

"क्या?"

"नाई चालत. साहेबाले म्हना, भाईर ये. जवळ उभा राह्य, माह्या तोंडाकडे पाह्य, अन् इचार मी कोन हाओ."

साहेब आला नाई. काचेतून त्यानं हात हालवला, माशी हाकलल्यावानी. गार्डानं फाटक लावलं. टाळ्या वाजवनारे आत गेले, भासरा बी गेला. मी दुपारपर्यंत उनात उभी होती. कोनी आलं नाई. पुढचे दोन दिवस बी ताठच चालली, लालच लागली. तिसऱ्या दिवशी नाव कटलं.

आता राजेगावकडं दुसऱ्याच्या बांधीत धान रोवतो. रोवतानी वाकतो, ते कामासाठी. पन मी कोन हाओ हे सांगाले वाकनार नाई. मशीनसमोर नाई, साहेबासमोर नाई, अन् भासऱ्यासमोर बी नाई.