न टाकलेल्या बशा

प्रयोगशाळेत शिरली की आत्या खांद्यावरची पिशवीही न उतरवता आधी खिडकीशी जायची आणि काचेच्या चपट्या बशा एकेक करून उजेडात धरायची. रोज. त्यांत पेरलेले जंतू उगवणं कठीणच होतं. जगायला लागणारं एक द्रव्य बनवणारं विकर, म्हणजे एन्झाइम, तिनेच त्यांच्यातून काढलं होतं आणि ते द्रव्य खायलाही दिलं नव्हतं. तिचं म्हणणं, उपासमार झाली की दुसरं एखादं विकर हे काम उचलेल.

"जंतू उपाशी ठेवतेस आणि वर वाट बघतेस," आजी म्हणायची. "त्यापेक्षा माझी एक कुंडी जगवली असतीस!"

बाकीचे दोन दिवसांत बशा धुवायला टाकत. आत्या ठेवून द्यायची. शेवटी साहेबांनी बजावलं, या महिन्यात काही दिसलं नाही तर काम बंद.

महिना सरत आला आणि एका जुन्या बशीत मोहरीहून बारीक ठिपके दिसले.

"बाहेरची घाण आहे. टाका," साहेब म्हणाले.

"टाकते की. आधी ओळख तरी पटवू द्या."

ओळख पटली. जंतू तिचेच होते, काढलेलं विकर अजूनही नव्हतंच. त्याचं काम दुसरंच एक विकर करत होतं, आणि तेही असं, की ज्याच्या स्वतःच्या कामावाचून जंतू जगूच शकत नाही. त्याच्या लांब साखळीतली एक कडी बदलली होती. आत्याने त्याचे स्फटिक वाढवून रचना पाहिली. एक वेटोळं बाजूला सरकलं होतं, नव्या द्रव्याला शिरायला जागा झाली होती. जुनं काम मंदावलं होतं, सुटलं नव्हतं.

"सुटून चालणारच नाही," जेवताना ती म्हणाली. "ते थांबलं तर सगळंच संपलं. म्हणून जुनं सांभाळत, जरा अंग चोरून जागा केली त्याने."

"म्हणजे आमच्या ताईसारखंच," बाबा म्हणाले. आजोबा गेल्यापासून घर तिच्या पगारावर चाललं होतं, आणि तिने शिक्षण पुरं केलं ते नोकरी न सोडता.

"गप रे. भाजी वाढ."

दुसऱ्या दिवशी आजी जिन्यात शेजारणीला सांगत होती, "आमच्या मुलीने जंतूंना नवं काम शिकवलं."

"मी नाही गं शिकवलं," वरून आत्या म्हणाली. "ते शिकले. मी नुसतं टाकलं नाही त्यांना."

गेल्या वर्षी आत्या आजारी होऊन दवाखान्यात होती, तेव्हा मी तिचा अर्धा राहिलेला चहाचा कप उचलायला गेले.

"राहू दे गं, टाकू नकोस. बघते थोड्या वेळाने."