काकांच्या कॅमेऱ्याला पाय शोधताना

भुतांच्या गोष्टी लोक मुद्दाम रंगवतात. आमच्या रविवारच्या पक्षी-ग्रुपच्या मात्र आपोआप साठत गेल्या, पंख्यावर धूळ साठते तशा! ग्रुप म्हणजे तिघंच: रेल्वेतून रिटायर झालेले देशकर काका, मंत्रालयात नोकरी करणारी राखी दीदी आणि दाराची कडी वाजली तरी दचकणारी मी.

काकांचे हात थरथरायला लागले होते. "सगळे फोटो हलून राहिले, पोट्टी. आता कॅमेरा विकून टाकतो." मोठा स्टँड वाहायला गुडघे नाहीत. म्हणून वाकणाऱ्या पायांचा छोटा ट्रायपॉड शोधायचं काम माझ्यावर आलं. कॅमेरा आणि लेन्स मिळून तीन किलो!

*

पहिला तात्यापाऱ्याच्या बाजारातून आणला. दुकानदार म्हणाला, "दीदी, तीन किलो तो आराम से!" आम्ही घरी त्याच्या मधोमध तीन किलो तांदळाची थैली टांगून बघितली. पाय ढिम्म.

तळ्यावर कॅमेरा चढवला. आम्ही चहा ओतत होतो तेवढ्यात लेन्सनं हळूहळू मान खाली घातली. थेट माझ्या पावलांपर्यंत! कुणी हातही लावला नव्हता.

"घाबरतेस काहून? नमस्कार करून राहिला तुले!" काका म्हणाले.

*

दुसऱ्याचे रबरी पाय बाभळीच्या फांदीला गुंडाळले. मी मागे उभी. करकर आवाज झाला, अन् कॅमेरा सावकाश वळत वळत माझ्या चेहऱ्यासमोर येऊन थांबला. मी अशी किंचाळले की सगळे बगळे उडाले.

"पुढच्या वेळी फांदीले हिलेच बांधा!" दीदी म्हणाली.

*

तिसरा काकांच्या गुढियारीतल्या, रुळांलगतच्या घरी, दुपारी टेबलावर ठेवून बघितला. मालगाडी गेली की ते घर हलतं. प्रत्येक गाडीला ट्रायपॉड बोटभर दाराकडे सरकायचा.

काकू म्हणाल्या, "हा कुठे निघाला गं?" सगळे हसले.

एकदा तो गाडी नसतानाही सरकला. ते मी कुणाला बोलले नाही.

*

चूक दीदीनं पकडली. "आपण तांदूळ मधोमध टांगला ना! लेन्सचं वजन तर पुढे जातं." मोठ्या लेन्सला गळ्यापाशी एक कडं असतं, त्याला खाली पाय असतो, स्टँड तिथं कसायचा. जाड पायांचा चौथा आणला.

काकांनी बजावलं, "हा शेवटचा. नाही जमलं तर कॅमेऱ्याले गिऱ्हाईक येऊन बसलं आहे."

*

त्या रविवारी सकाळी वारा अजिबात नव्हता. दर मिनिटाला एक फोटो निघेल असा टायमर लावला, लेन्स पाण्याकडे केली अन् आम्ही तिघं त्याच्या मागे चटईवर ओळीनं बसलो. आमच्या मागे नुसतं मोकळं माळरान. तासभर कॅमेरा जागचा हलला नाही. काका हात मांडीखाली दाबून बसले होते.

मग कॅमेरा उतरवून मी फोटो बघायला लागले. पाणी. पाणी. बगळा. पाणी.

पुढच्यात आमच्या पाठी होत्या. माझी वेणी, दीदीची लाल ओढणी, मधे काका.

त्याच्या पुढच्यात परत पाणी.

मी कॅमेरा दीदीपुढे धरला. दीदीनं वाकून बघितलं आणि माझा दंड घट्ट धरला. काकांनी कॅमेरा घेतला, चष्मा कपाळावर चढवला, तोच फोटो झूम करत करत आमच्या डोक्यांच्या पलीकडे गेले. खूप वेळ बघत राहिले.

"ट्रायपॉडचे तिन्ही पाय बघ कसे शार्प आले! वर कॅमेराही," ते हळूच म्हणाले. "कुठंच हलला नाही. आता नाही विकत."