शेवटची चढाई कोणाची

कबड्डी खेळणाऱ्या मुली मी पाठीवरच्या नंबरावरून ओळखत नाही, हे मी तीन वर्षं कोणाला कळू दिलं नव्हतं. धुळ्याच्या आमच्या केबल चॅनलवर खेळांचं समालोचन करणारा मी एकटाच. कुस्तीची दंगल असो, शाळांचा खो-खो असो, की टेनिस बॉलचं क्रिकेट असो, टेबल माझं आणि माइकही माझाच. बाजारात मेथीचा भाव विचारला तरी भाजीवाली मान वर करून बघते आणि म्हणते, "तुम्ही टीव्हीवरचे ना?" अशा माणसाने आपल्याला दिसेनासं झालंय हे सांगायचं तरी कोणाला? साखरेने डोळ्यांच्या पडद्याची वाट लावली होती. डॉक्टरांनी सांगून झालं होतं की गेलं ते परत यायचं नाही, आहे तेवढं सांभाळा. घरी बायकोला माहीत होतं. बाकी जग अंधारात होतं, म्हणजे माझ्यासारखंच.

मग मी एक युक्ती काढली. सामन्याच्या तासभर आधी मैदानावर जायचं, मुली अंग मोकळं करत असतात तिथे अगदी रेषेला खेटून उभं राहायचं आणि एकेकीची सवय पाठ करायची. एक वेणी दातात धरते. एक डावा गुडघा चोळल्याशिवाय चढाईला निघत नाही. एक चालताना खांदा पाडते. लोकांना वाटायचं, काय यांचा अभ्यास. मला धास्ती असायची, की आज एखादीने सवय बदलली तर? सामना संपेपर्यंत शर्टाची पाठ ओली व्हायची आणि मी उन्हाला दोष द्यायचो.

शिरपूरला मुलींच्या स्पर्धेचा अंतिम सामना होता, रविवारी संध्याकाळी. एकीकडे जळगावचा संघ, दुसरीकडे शिंदखेडा तालुक्यातल्या खेड्यांतून गोळा झालेला. शिंदखेड्याची कर्णधार मला पक्की ठाऊक होती. चढाईला जाताना ती वाकायची, मध्यरेषेला हात लावायची आणि तो कपाळाला टेकवायची. मैदानावर असं करणारी ती एकटीच. ती वाकली की मी निर्धास्त.

गुण बरोबरीत आले आणि शेवटची चढाई शिंदखेड्याची आली. एक मुलगी वाकली, रेषेला हात लावला, कपाळाला टेकवला. मी कर्णधाराचं नाव घेतलं. तेवढ्यात पुढची सगळी माणसं उभी राहिली. कॅमेऱ्यात नुसती डोकी आणि टोप्या आल्या. माझ्यासमोर तर आधीच धुकं होतं. शिट्टी वाजली, शिंदखेड्याच्या बाजूने आरडाओरड झाली, आणि मी बेधडक सांगून टाकलं की कर्णधाराने एकटीने सामना खेचून आणला. घराघरांत त्या वेळी चित्र नव्हतं. माझा आवाज तेवढा होता.

सोमवारी दुपारी स्टुडिओत फोन आला. शिंदखेड्याजवळच्या एका खेड्यातून एक शेतकरी आपल्या मुलीबद्दल अहिराणीत बोलत होते. आवाजात राग नव्हता, त्यामुळे मी जास्तच घाबरलो.

"भाऊ, मन्ही आंडेर त्या टीममा शे," ते म्हणाले. "तिनी काल फोन करीसन सांगं, शेवटली चढाई मीच करी. आम्ही बठ्ठा टीव्हीफुढे बठेल व्हतूत. तुम्ही तं दुसरीनं नाव लिधं. आज सकाळे ती घर उनी, मी तिनासंगे बोलनू नही. इतलंच सांगा, पोर खोटं बोलनी का?"

"रेकॉर्डिंग बघून सांगतो," मी म्हणालो. रेकॉर्डिंगमध्ये डोकी आणि टोप्या होत्या हे मला माहीत होतं. तरीही तसं म्हणालो.

प्रशिक्षकाकडून नंबर घेऊन मी कर्णधाराला फोन लावला. तिला वाटलं मुलाखत घ्यायची आहे. मी आडून आडून विचारत होतो, तर ती सरळच म्हणाली, "सर, मी तर बाद होऊन बाहेर बसलेली होते. शेवटी गेली ती नवीन होती, घाबरली होती. मीच तिला सांगितलं, जाताना रेषेला हात लाव, भीती जाते. तुम्ही माझं नाव घेतलं ते घरच्यांनी सांगितलं. आम्ही हसलो खूप." मग ती म्हणाली, "ती नाही हसली."

मी फोन ठेवला. हमखास म्हणून जी खूण मी धरून बसलो होतो, ती एका घाबरलेल्या मुलीने धीर येण्यासाठी उसनी घेतली होती. आणि माझ्यामुळे तिचा बाप तिला खोटारडी समजत होता.

मालकांना सांगणं भाग होतं. आमचे शेठ कापडाचे व्यापारी, आजोबा राजस्थानातून आलेले. चॅनल म्हणजे त्यांची हौस. ते शांतपणे म्हणाले, "मंगळवारी पुन्हा दाखवतोच आहोत ना? तेव्हा गुपचूप नाव बदलून नवा आवाज टाका. झाकली मूठ सव्वा लाखाची." मग माझ्याकडे जरा रोखून बघत विचारलं, "पण चुकलं कसं? तुमचं कधी चुकत नाही."

"गर्दी होती," मी म्हणालो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं झालं. शेठला सगळं कळलंय असंच मला वाटत राहिलं. रात्रभर मी हिशोब मांडत होतो. कबूल केलं तर उद्या माइक दुसऱ्याच्या हातात. या वयात दुसरं काय येतं मला? आणि गुपचूप नाव बदललं तर त्या घरात काय होणार होतं? बाप म्हणेल, रविवारी एक सांगतो, मंगळवारी दुसरं, खरं काय कोण जाणे. पोर तशीच अडकून राहणार. मला स्वतःची किळस आली, तरी भीती काही जाईना.

मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता मी सामन्याआधीच कॅमेऱ्यासमोर बसलो. शेठना विचारलं नाही. म्हणालो, शेवटच्या चढाईला रविवारी मी चुकीचं नाव घेतलं, चूक सर्वस्वी माझी आहे. मग त्या मुलीचं नाव, तिच्या वडिलांचं नाव आणि गावाचं नाव सावकाश घेतलं. डोळ्यांचं मात्र बोललो नाही. तेवढं धैर्य झालं नाही.

मग सामन्याचं रेकॉर्डिंग चालू असतानाच स्टुडिओत फोन आला. तेच होते.

"ऐकं भाऊ, बठ्ठा गावनी ऐकं. आते मन्हा जीव भांड्यामा पडना. तुम्ही सांगं म्हनजे ते खरंच."

खरं तर मी सुटलो होतो. आभार मानून फोन ठेवायचा, बस. पण ते वाक्य कानात रुतून बसलं. रविवारीही मी सांगितलं म्हणूनच ते खरं होतं.

"भाऊ," मी म्हणालो, "मी सांगितलं म्हणून खरं धरू नका. ती चढाई मी पाहिलीच नाही. मला दिसत नाही. तीन वर्षं झाली, मी अंदाजाने बोलतोय. तिने रविवारीच तुम्हाला सांगितलं होतं, ते धरा."

खोलीत कॅमेरामन होता. त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. दाराशी शेठ उभे होते, हे मला नंतर त्यांच्या खाकरण्यावरून कळलं.

पलीकडे त्यांच्या टीव्हीवर माझाच रविवारचा आवाज चालला होता, जोरात, अगदी खात्रीचा. मग फोन कानापासून लांब गेल्यासारखा वाटला आणि ते घरात कोणाला तरी म्हणाले, "माय, पानी दे वं मले."

आमच्याकडे बाप लेकीला लाडाने माय म्हणतो. दोन दिवसांत ते तिच्याशी पहिल्यांदा बोलत होते. भांडं ठेवल्याचा आवाज येईपर्यंत मी फोन धरून बसलो.